गार पेटीतलं उबदार गाणं

हसू नका हं मित्रांनो, पण मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. म्हणजे कोण? तर रेकॉर्डमधून निघणारा मुंगीएवढा आवाज हत्तीएवढा करणारी पेटी. ज्या कारागिराने मला जुळवलं ना, त्याचा कान इतका नाजूक, की भिंतीवरून पाल गेली तरी तो म्हणायचा, "अगं, जरा पाय न वाजवता जा!" त्याने माझ्या पोटात भलामोठा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि माझ्या आवाजाचे टोकदार कोपरे घासून घासून गुळगुळीत केले. मी पहिल्यांदा गायलो, तेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरात उतू जाणारं दूध ऐकायला थांबलं. खोटं वाटतं? मग त्या दुधालाच विचारा.

तरुणपण माझं एका नाचाच्या शाळेत गेलं. पोरींनी फरशी दणाणून सोडायची आणि बाईंनी म्हणायचं, "याच्या आवाजावर साय आहे गं, साय!" पुढे चकचकीत दिव्यांची नवी पेटी आली आणि माझी रवानगी झाली जुन्या बाजारात. तिथल्या दुकानदाराने मला टेबलाखाली सरकवलं. माझ्यावर पाय ठेवून तो आरामात चहा प्यायचा. गाणाऱ्याच्या डोक्यावर चपला! सांगणार कुणाला?

एक दिवस काखेत रेकॉर्ड घेऊन एक बाई आली. म्हणाली, "व्हॉल्व्हच्या पेटीसारखा उबदार आवाज हवाय. पण स्वस्तात."

"वहिनी, तुम्हाला हत्ती हवाय, तोही बशीत मावणारा," दुकानदार म्हणाला.

बाईंचे सासरे सिनेमाघरात मशीन चालवायचे. घरी त्यांची व्हॉल्व्हची पेटी होती. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे, बल्बसारखे; तापले की निखाऱ्यासारखे लाल होतात आणि मग गातात. त्यातला शेवटचा फुटला. नवे घ्यायचे तर त्यापेक्षा फ्रीज स्वस्त! तेव्हापासून या आजोबांनी गाणं सोडलं, बोलणंही सोडल्यातच जमा. "व्हॉल्व्ह नाही तर गाणं नाही. ट्रान्झिस्टरचा तो थंडगार आवाज माझ्या घरात नको," एवढं बोलून ते जे गप्प झाले ते झालेच.

बाईंनी एकेक पेटी ऐकली. "ही वाटीत चमचा वाजवतेय." "ही नाकात गातेय." मग त्यांची नजर खाली गेली. "आणि तुमच्या पायाखाली कोण?"

"ते होय? ते स्टूल आहे."

"स्टुलाला बटणं कशाला?"

वायर जोडली. आधी मी खरखरून खोकलो, धुळीची शिंक दिली आणि लागलो गायला. बाईंनी डोळे मिटले. दुकानदाराचा चहा कपातच गार झाला.

घरी मात्र माझी लपवाछपवी, कारण मी पडलो ट्रान्झिस्टरवाला, न तापताच गाणारा! आजोबा झोपलेले असताना बाईंनी त्यांच्या पेटीतलं सगळं बाहेर काढलं, रिकाम्या खोक्यात मला बसवलं आणि जाळीमागे टॉर्चचा चिमुकला बल्ब लावला. व्हॉल्व्ह तापल्यासारखा पिवळा उजेड पडला. "मामंजी, पेटी सुरू झाली बरं का!" म्हणताना त्यांचा पदर घामाने ओला झाला होता. बिंग फुटलं असतं तर मी पुन्हा चपलांखाली आणि आजोबा पुन्हा मुके.

मी जीव ओतून गायलो. आजोबांची बोटं खुर्चीच्या हातावर नाचायला लागली. "आला! आला माझा आवाज! त्या ट्रान्झिस्टरवाल्यांना बोलवा रे कुणीतरी, कान उघडतील त्यांचे."

तेवढ्यात ढमी आली. ढमी म्हणजे घरची लठ्ठ मांजर. गाणं सुरू झालं की तापलेल्या पेटीवर झोपायची तिची जुनी सवय. तिने उडी मारली, एक गिरकी घेतली, पंजा टेकवला आणि बाईंकडे असं बघितलं, जणू दुधात पाणी सापडलं! तशीच खाली उतरून गेली.

आजोबांनी डोळे उघडले. पेटीवर हात ठेवला. "सूनबाई, ही गार का?"

"मामंजी... आत ट्रान्झिस्टर आहे."



"म्हणजे इतका वेळ मी त्याची तारीफ करत होतो?"

"हो. मान डोलावून."

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. मग खांदे हलायला लागले आणि हसून हसून त्यांचा चष्माच घसरला. "कान फसले माझे, पण ढमी नाही फसली! आता बघत काय बसलीस? दुसरी बाजू लाव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोक्यातून काढून उघड्या फळीवर मानाने बसवलं. त्यांच्या पेटीतलं सगळं सामान पुन्हा जागच्या जागी ठेवलं आणि जाळीमागे एक चांगला तापणारा बल्ब लावला. ढमीसाठी. आता गातो मी, ऊब देते ती जुनी पेटी, आणि ढमी इतकी घोरते की मला आवाज वाढवावा लागतो.

मित्रांनो, अडगळीत कुणी माझ्यासारखा दिसला तर फेकायच्या आधी मोठ्यांना सांगून एक गाणं लावून बघा. खरखरला तर घाबरू नका, म्हातारा खोकणारच. आणि हो, पाय ठेवायला स्टूल वेगळं आणा.