हॅडलीसाहेबांचा दुसरा गोल

आमच्या टकर्स क्रीक गावात लॅक्रॉसची, म्हणजे काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू झेलून पळवायच्या खेळाची, दोन मैदानं आहेत. एक गालिच्यासारखं हिरवंगार, ते मुलग्यांचं. दुसरं आगबंबाच्या शेडमागचं, उतरणीचं, जिथं रानबदकं रोज पोट साफ करून जातात, ते मुलींचं. ही वाटणी खेळ मंडळाचे अध्यक्ष आणि मुलग्यांचे कोच ब्रॅन्सन हॅडली यांची. कॉलेजात असताना या गृहस्थांनी एक गोल केला होता. मी तो पाहिला नाही, पण इतक्यांदा ऐकलाय की आता तो मीच केल्यासारखा वाटतो. दर वर्षी त्या फटक्याचं अंतर वाढतं. यंदा चेंडू शेजारच्या राज्यातून सुटला होता.

उतारावर गोलरक्षक पोरीचा पाय मुरगळला, तशी मुलींची कप्तान मेरिट टॉलिव्हर तडक मुलग्यांच्या सरावात घुसली.

"कोच, शनिवारी हे मैदान आम्हाला हवं."

"बाळ, हे मैदान खेळाडूंसाठी आहे."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही? तुम्ही गोड आहात."

कडेला खुर्च्या टाकून बसलेले मुलग्यांचे बाप खिंकाळले. त्यांचं कामच ते.

"मुलग्यांशी आमचा सामना लावा," मेरिट म्हणाली. "जिंकलो तर शनिवार आमचा. हरलो तर पुन्हा मागणार नाही. पण नियम मुलींचे."

"कुणाचेही घे गं! आम्ही पाळण्यात झोपूनही जिंकू."

मुलींचे नियम साहेबांनी जन्मात वाचले नव्हते. पंच मी होतो. मी गप्प बसलो. असा आनंद या वयात वरचेवर मिळत नाही.

मुलींच्या काठीची जाळी उथळ लागते. चेंडू ठेवला की त्याचा माथा कडेच्या वर दिसला पाहिजे. आमच्या बापांची रीत उलटी. पोर झोपलं की बाप त्याच्या जाळीत चेंडू कोंबून दोरीनं आवळून ठेवतो, म्हणजे सकाळी झोळी खोल. त्यात पडलेल्या चेंडूला बाहेर यायला अर्ज करावा लागतो. मी एकेक काठी तपासली. साहेबांच्या पोराच्या, धाकट्या हॅडलीच्या झोळीत गेल्या हंगामातला चेंडू निघाला, अर्धं सँडविच निघालं आणि एक बेडूक निघाला. दार का उघडलं म्हणून तो माझ्यावर डोळे वटारून बसला होता.

"सगळ्या बाद," मी म्हणालो.

"हा काय फाजीलपणा!" हॅडली ओरडले.

"नियम आहे, साहेब. तुम्हीच म्हणालात, कुणाचेही घे."

शेवटी मुलींनी आपल्या जास्तीच्या काठ्या दिल्या. सामना सुरू झाला. मुली मनगटानं जाळी हलकेच झुलवत, चेंडू निजवल्यासारखा नेत होत्या. मुलगे सुसाट धावायचे आणि चेंडू मागे राहायचा. तरी दांडगटच ते. धावून धावून त्यांनी बरोबरी साधली आणि वेळ संपत आली.

हॅडलींना राहवेना. एका पोराची काठी चेंडूसकट हिसकावून ते मैदानात उतरले. "हात् तुमच्या! असा करतात गोल!"

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी मेरिटकडे पाहिलं.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "आम्ही सांभाळून घेऊ त्यांना."

साहेब सुटले. चेंडू पहिल्याच झेपेला जाळीतून घरंगळला, पण खोल झोळीत जन्म गेलेल्याला ते मनगटात कळावं कसं? पोट सावरत, गिरक्या घेत, जीभ बाहेर काढून ते धावत राहिले. मुलींनी अदबीनं वाट दिली. साहेबांनी रिकामी काठी फिरवून असा फटका मारला की वाऱ्यानं माझी टोपी उडाली. मग दोन्ही हात वर करून ते नाचू लागले. बाप उभे राहून ओरडले. मुलग्यांचा गोलरक्षक तर जागा सोडून टाळ्या पिटत होता.

मेरिटनं पडलेला चेंडू काठीनं उचलला, चालत गेली आणि मुलग्यांच्या मोकळ्या गोलात टाकला. मी शिट्टी फुंकली.

शनिवारी हिरवं मैदान आता मुलींचं असतं. हॅडलीसाहेब आगबंबाच्या शेडमागे सराव घेतात आणि रानबदकं त्यांचं ऐकतात. परवा मी तिथून चाललो होतो, तेव्हा ते पोरांना सांगत होते, "आयुष्यात मी दोन अप्रतिम गोल केले."