तीन वेढे जायफळ

तान्ही मुले रात्री झोपत नाहीत याचे कारण दृष्ट नव्हे, पोटात धरलेला वारा, असे हरिश्चंद्राचे मत होते. आणि ती झोपलीच, तर ते अंगाऱ्यामुळे नव्हे, रडून दमल्यामुळे. इंटर सायन्सपर्यंत शिकून तो आरोंद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला होता. औषधे तोलायच्या पितळी काट्याला तो दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे.

१९५८च्या मार्गशीर्षात त्याच्या धाकट्या बहिणीची, जानकीची मुलगी पाच महिन्यांची झाली. लक्ष्मी तासातासाला उठे. जानकीचा नवरा दत्ताराम मुंबईला बोटीवर खलाशी. घरात ती आणि सासू यशोदा, दोघीच. एके सकाळी पेज ढवळता ढवळता जानकी चुलीपुढेच पेंगली आणि तिच्या पदराचे टोक जळाले. तेव्हा हरिश्चंद्राने यात लक्ष घालायचे ठरवले.

यशोदाबाई नातीला रोज गुटी देत. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, वेखंड, हिरडा, सुंठ, मुरडशेंग आणि शेवटी जायफळ. माप एकच : वेढा, म्हणजे सहाणेवर गोल फिरवलेला एक हात. जायफळाचे वेढे तीन.

"एका वेळी एकच औषध द्यावं," हरिश्चंद्र म्हणाला, "म्हणजे कशाने काय झालं ते कळतं." झोपेसाठी उपयोग असलाच तर जायफळाचा, म्हणून बाकीची पाच त्याने काढून टाकली. सहाण तीस वर्षे वापरून मध्ये खोलगट, आरशासारखी गुळगुळीत झाली होती. तिच्यावर किती जंतू असतील, या विचाराने त्याने बांद्याच्या बाजारातून नवी आणली आणि स्वतः उकळून दिली. वेढे तेच तीन ठेवले, पण आता ते रोज रात्री जानकीने घालायचे.

"उद्या चूलय उकळून घे रे," यशोदाबाई म्हणाल्या. "माझे चार झील ह्याच सहाणेर वाढले, तेंका नाय लागले तुझे किडे."

गुण मात्र आला. पहिल्या रात्री लक्ष्मी सलग चार तास झोपली, तिसऱ्या रात्री सहा. जानकीच्या चेहऱ्यावर रंग दिसू लागला. मूल दिवसाही जड डोळ्यांनी पडून असते, हे हरिश्चंद्राने पाहिले होते. साचलेली झोप भरून निघत असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. नवव्या पहाटे जानकी जागी झाली तेव्हा लक्ष्मी थंड पडली होती. ओकलेले दूध घशात अडकले होते. खोकून ते बाहेर टाकावे इतकी जाग तिला आली नसावी. डॉक्टरांनी श्वास कोंडल्याचे लिहिले. त्यापलीकडे कोणी काही तपासले नाही.

"तुका झोप व्हयी होती ना गो?" यशोदाबाई सुनेला अंगणात सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आता निज पाय पसरून." जानकीने झोपेसाठी जास्त वेढे घातले, असे पत्र त्यांनी मुलाला लिहवले. ती शपथेवर तीन म्हणत होती. भाऊ तिला आपल्या घरी घेऊन आला.

बहिणीचा शब्द खरा धरला, तर कारण दुसरीकडे असायला हवे होते. हरिश्चंद्राने यशोदाबाईंकडून जुनी सहाण मागून आणली. तीन वेढ्यांची झीज काट्याला समजेना, म्हणून दोन्ही सहाणांवर तीस-तीस वेढे घातले, प्रत्येक वेळी जायफळ आधी तोलले, मग वाळवून पुन्हा तोलले. जुन्या सहाणेवर साडेसात ग्रेन झिजले. नव्या, खरबरीत सहाणेवर पस्तीस, म्हणजे पाचपटीला थोडे कमी. त्याने तोलणे तीनदा केले. उत्तर बदलले नाही. एका वेळी एकच औषध द्यावं म्हणणाऱ्याने बदल दोन केले होते, आणि दुसरा, सहाणेचा, त्याने बदल म्हणून धरलाच नव्हता.

हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि न सांगता कळणारेही नव्हते. पण दत्ताराम बायकोला घरात घेतो की टाकतो, हे एवढ्यावरच ठरणार होते.

दत्ताराम आला त्या दुपारी हरिश्चंद्राने त्याला आणि जानकीला बंद दवाखान्यात बोलावले आणि दोन्ही सहाणांवर सारे पुन्हा करून दाखवले. दत्ताराम खलाशाच्या सवयीने काट्याकडे डोळा बारीक करून पाहत राहिला.

"म्हंजे हिणा घातल्यान तीन, आणि चेडवाच्या पोटात गेले पंधरा?"

"चौदा."

"चौदा. म्हंजे चूक सहाणेची."

"सहाणेची नाय रे. माझी."

दत्तारामने दोन्ही सहाणांवरून बोट फिरवून पाहिले. मग बायकोकडे वळून म्हणाला, "आवशीन लिवल्यान ता खोटा, तर. चल घराक."

जानकी उठली नाही. "त्या राती मी चार घातलंय," ती म्हणाली.

"काय?"

"आदल्या राती ती तीनदा उठली होती. म्हटलंय, एक जास्त घातलो तर काय व्हता. माका निजूचा होता."

दत्तारामने टोपी उचलली. हरिश्चंद्र त्याच्यामागोमाग ओट्यावर आला. "ऐक तरी! तीन घातले असते तरी चौदाच होते. चौथ्याने फार तर एकोणीस झाले. आधीच जे एवढं जास्त होतं..."

"तुका सहाणेन फसवल्यान, हरीदादा," दत्ताराम पायरी उतरता उतरता म्हणाला. "हिणा जाणून घातल्यान." संध्याकाळच्या तरीने तो एकटाच खाडी उतरून गेला.

हरिश्चंद्र आत आला. आयुष्यात प्रथमच त्याला बहिणीचा राग आला होता. "त्याने मानलं होतं, जानकी. तुला घरी नेत होता. कशाला बोललीस?"

जानकी दोन्ही सहाणांवरचे जायफळ ओल्या फडक्याने पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझा तू सांगलंस, दादा. माझा कोण सांगतलो?"