बुलेटच्या पोटातला आत्मा

भिंगारच्या त्या गल्लीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. रतनबाईंचे यजमान अमृतराव वारल्यापासून एकोणीस वर्षं मुकी पडलेली त्यांची बुलेट आज बोलणार होती म्हणे! रतनबाईंच्या अंगणात हार घातलेली गाडी, गाडीपुढं नारळ आणि नारळापुढं साक्षात सारथीबाबा.

"या यंत्रात अमृतरावांचा जीव अडकलाय!" बाबा गरजले. "इंजिनाच्या अग्निकुंडात, सायलेन्सरच्या पाताळात!"

धनश्रीला हसू आवरेना. अमृतरावांची ही एकुलती लेक नगरच्या आयटीआयत पोरांना इंजिनं शिकवायची. पण आईकडं नजर गेली आणि हसू पळालं. रतनबाई पदरानं डोळे पुसत होत्या. नवऱ्याचा जीव सुटायचा तर गाडी मठाला द्या, असा बाबांचा हुकूम होता आणि त्या द्यायला निघाल्या होत्या. वडिलांची, तिच्या आप्पांची, तेवढीच तर खूण उरलेली! धनश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आधी कुणीही किक मारून बघा!" बाबांनी आव्हान दिलं.

शेजारच्या सहादेवनं चपला काढल्या. अमृततात्यांना लाथ कशी मारायची, म्हणून आधी गाडीच्या पाया पडला. किक मारली. गाडी ढिम्म. "माफी करा, तात्या," म्हणून पुन्हा पाया पडला. चौघं-पाचजण असेच घामाघूम झाले. किका कमी, नमस्कारच जास्त.

मग बाबांनी टाकीखाली हात घालून गाडीची 'नाभी' चोळली, लांबलचक मंत्र म्हटला आणि शिष्याला खूण केली. एकच किक. धड्-धड्-धड्! बाया ओवाळायला धावल्या, पोरं नाचायला लागली. बाबांनी पुन्हा नाभी चोळली, "आता विश्रांती घ्या!" आणि थोड्या वेळानं गाडी आपोआप थांबली.

"मी किल्लीला हात तरी लावला का?" बाबा म्हणाले. "आता माझ्याशिवाय ही कुणाचंच ऐकणार नाही."

"आई, मला एकदा मारू दे," धनश्री पुढं झाली.

"बाईमाणसानं शिवलं तर कोप होईल!" बाबा आडवे आले.

"माझ्याच बापाचा जीव ना? लेकीवर कसला कोप?"

रतनबाईंनी पदर खोचला. "व्हय, बराबर हाय. आदी तिला मारू द्या."

धनश्रीनं टाकीखाली हात घातला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." पोरांनी सूर धरला. दोनशे नव्वदला सगळी गल्ली ओरडली आणि धनश्रीनं किक मारली.

धड्-धड्-धड्!

"ही नाभी नाही, पेट्रोलचा कॉक आहे!" ती ओरडून सांगू लागली. "बंद केला की थोड्या वेळानं गाडी थांबते. उघडला की पेट्रोल खाली कार्बोरेटरमध्ये भरायला जरा वेळ लागतो. मंत्र तेवढ्यासाठीच! आणि गाडी दोन दिवस मठात 'शुद्धी'ला नेली होती ना? हा बघा, गंजक्या इंजिनात कोरा करकरीत प्लग. टाकीत ताजं पेट्रोल. शुद्धी झाली ती कार्बोरेटरची!"

बाबांनी शिष्याकडं पाहिलं. शिष्य केव्हाच पसार. बाबाही मग काढता पाय घेऊ लागले.

"मंग हे... ह्यात न्हाईत?" रतनबाईंनी टाकीवर हात ठेवला.

"नाहीत, आई. आप्पा कुठंच अडकलेले नाहीत."

"पंधरा दीस घास उतरला न्हाई गं माज्या. अंदारात कोंडलेत म्हनून." त्या रडता रडता हसायला लागल्या.

एवढ्यात सहादेव हात जोडून आला. "ताई, त्यो पाडा लिहून द्या की. आमची विहिरीवरची मोटर लई दिसांची बंद हाय."

मंडळी, डोकं असं गहाण टाकलं की बाबा गेला तरी बाबागिरी जात नाही! प्रश्न विचारा, हात लावून बघा. पण हे सांगायला धनश्रीची गरजच पडली नाही. रतनबाईंनीच सहादेवला झापलं, "आरं येड्या, त्वांड काय बोलतंय त्ये ऐकू नगं, हात काय करतोय त्ये बघ!"