चौथा ऊद

"बसका आहे," असं या माणसाला मी वर्षभरात तीनदा तोंडावर सांगितलं होतं. तीन ऊद केले त्याने माझ्यासाठी, तिन्हींचा आवाज बसका. गोड बोलून वेळ मारून नेणं मला जमत नाही. चाळीस वर्षं हे अरबी तंतुवाद्य मांडीवर घेऊन बसलेय. पोट गोल, मान आखूड, पडदे नाहीत, सगळी मदार कानावर. कुणाला नवा ऊद घ्यायचा असला की आधी मला बोलावतात, उगीच नाही.

आज चौथा होता. कारागिराने तो माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाई, हा शेवटचा," तो म्हणाला. "हाही बसका निघाला तर मी हत्यारं खाली ठेवणार. दुकान लेकीच्या ताब्यात."

लेक कोपऱ्यात तिने बनवलेला इलेक्ट्रिक ऊद स्पीकरला जोडत होती. "बाबा, काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली.

माझा पहिलावहिला ऊद याच माणसाच्या हातचा. पण म्हणून खोटं बोलू? मान डोळ्यासमोर धरून पाहिली, सुतासारखी सरळ. खुंट्या फिरवल्या, एकही अडली नाही. मग तबलीवर, म्हणजे पोटावर बसवलेल्या लाकडी पाटीवर, टिचकी मारली आणि दचकलेच.

"अहो दादा, केवढी पातळ केलीत! तारांच्या ओढीने खचेल ना ही!"

"आवाज कोंडतोय, असं तुम्हीच म्हणालात," तो पाठमोराच बोलला. "म्हणून दर वेळी आणखी थोडी तासत गेलो."

नखी घेतली आणि छेडलं. जाड तारा भरभरून बोलल्या. बारीक तारा मात्र रजईत तोंड खुपसून बोलावं तशा. बसका! शब्द अगदी जिभेवर आला होता. त्याचे खांदे वर चढून ताठ झालेले दिसले आणि माझा धीर सुटला.

"आधी तुझा दे गं इकडे," मी लेकीला म्हणाले. तेवढाच वेळ मिळाला.

तिचा ऊद पोट नसलेला, फळीसारखा चपटा. वाजवला, तर तीच रड! "बापलेक एकाच माळेचे मणी," मी करवादले. "याच्याही बारीक तारा कोंडतात."

"ट्रेबल वाढवून बघा ना, मावशी."

बारीक सूर वाढवणारं स्पीकरचं बटण फिरवलं. थोडं. आणखी थोडं. आणखी. आणि एकदाचे सूर मोकळे झाले, लखलखीत, माझ्या तरुणपणी असायचे तसे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "हां! याला म्हणतात ऊद! असा पाहिजे मला..."

मान वर केली. लेकीने दोन्ही कानांवर हात दाबले होते. कारागीर गर्रकन वळला होता. "अहो बंद करा! सुया टोचतायत कानात!"

बटण पार शेवटाला टेकलं होतं.

मी ते बंद केलं. चौथा ऊद पुन्हा उचलला, सगळ्यात बारीक तार छेडली आणि लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने डोळे बारीक केले.

"खरं सांग. बसका आहे?"

"नाही हो, मावशी. उलट किरकिरतोय. चारांत सगळ्यात छान पहिला होता. मी बाबांना म्हटलंही, पण तुमच्यापुढे माझं कोण ऐकणार?"

"कुठाय पहिला?"

"तबली उखडून काढली मी त्याची," कारागीर म्हणाला. "तिन्हींच्या काढल्या."

दोघांनाही अजून उमगलं नव्हतं. हाच झकास आहे म्हणायचं आणि घेऊन घरी जायचं, कुणाला कळलं असतं? मोह झाला, नाही कशाला म्हणू! पण मग हा माणूस उरलेला जन्म असेच किरकिरे ऊद करत बसला असता, माझ्या शब्दाखातर.

"दादा, तुमचे हात शाबूत आहेत," मी म्हणाले. "कान माझे गेलेत."

तो बघतच राहिला. "म्हणजे बसके नव्हते?"

"नव्हते."

"एकही?"

"एकही नाही."

तो मटकन स्टुलावर बसला, दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा हसतोय! असा संताप आला मला! इथे माझी चाळीस वर्षं मातीत गेली आणि याला आनंद मावेना.

"बाबा!" लेकीने त्याचा दंड दाबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळला. "बाई, चुकलो. माफ करा."

"माफी कसली मागता?" मी खेकसले. "वर्षभर जीव खाल्लाय मी तुमचा. हसा पोटभर."

पण आता त्याला हसू येईना. शेवटी त्याने हळूच विचारलं, "मग ऊद कसा देऊ तुम्हाला?"

"लाकडाचाच. पहिल्यासारखी तबली ठेवा, तासू नका." मी चौथा ऊद त्याच्या हातात परत दिला. "आणि झाला की मला वाजवून बघायला बोलावू नका. चांगला आहे की नाही, ते तुमची लेक सांगेल."