नऊ साते चार

"काकू, हा टायपो आहे ना?" निमिषनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

नीलांबरीनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. स्क्रीनवर बिस्किटाएवढी मातीची गोल वडी दिसत होती. चार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या कुठल्याशा शाळेत कुणीतरी ओल्या मातीवर बोरूनं नवाचा पाढा गिरवला होता.

"सातवी ओळ बघा. वडीवर चार खुणा आहेत, म्हणजे चार. तुम्ही एंटर केलंय एक आणि तीन."

"नऊ साते त्रेसष्ट," ती म्हणाली. "साठाचा एक आणि वर तीन. आपण एक तास तीन मिनिटं म्हणतो ना, तसं."

"ते कळलं हो. पण त्या एकच्या नि तीनच्या मध्ये जागा सोडायला हवी होती. यानं सोडलीच नाही. चारही खुणा एकमेकींना चिकटून. मग ते चारच झालं की!" निमिष हसला. "यार, चार हजार वर्षांपूर्वीची सिली मिस्टेक. आणि प्रोफेसर बाईंना नेमकी तीच हवीये."

खरंच हवी होती. त्या काळची मुलं गणित शिकताना कुठं अडखळत, हे शोधायचं म्हणून तर बाईंनी हा सगळा खटाटोप मांडला होता; ग्रंथाची जुळणी निमिषकडे होती. विद्यापीठाच्या म्युझियमच्या तळघरात गेले एकोणीस महिने, आठवड्याचे तीन दिवस, नीलांबरी ट्रेमधली एकेक वडी बघून आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होती. तीनशे बारा वड्या झाल्या होत्या. टेबलावर पहिल्याच दिवशी चिकटवलेला कागद अजून तसाच होता : दिसेल तसं लिहा.

"म्हणजे टायपो. मी फिक्स करून टाकतो. उद्या फाइल प्रेसला जातेय."

तिनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

साताऱ्याला मुलींच्या शाळेत तिनं सहा वर्षं गणित शिकवलं होतं. मग लग्न झालं, रवींद्रच्या पाठोपाठ इकडं अमेरिकेत आली. त्या व्हिसावर तिला काम करायची मुभा नव्हती. मुभा मिळेपर्यंत मुलगी झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि नंतर एडिसन गावच्या एका किराणा दुकानात काउंटरमागं उभं राहण्यात अकरा वर्षं गेली. गुडघे तिथंच गेले. आता पहिल्यांदाच तिचं नाव कशावर तरी छापलं जाणार होतं, ग्रंथाच्या आरंभी, काम करणाऱ्यांच्या यादीत. रवींद्रनं कपाटातला एक कप्पा त्यासाठी पुसूनही ठेवला होता. "एवढा मोठा ग्रंथ नसेल हो," ती म्हणाली होती. "असू दे, आडवा ठेवू," तो म्हणाला होता.

"टायपो नाही," ती म्हणाली. "मी सुधारलं ते."

"सुधारलं म्हणजे?"

"चुकलं होतं. म्हणून बरोबर केलं."

निमिषनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "ओके. पण एकच ना?"

रोजच्यासारखा दुपारी गाडीत बसून तिनं जप केला होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा. बारा पेरं, नऊ फेऱ्या, एकशे आठ. एखादं पेर चुकलंसं वाटलं तर ती फेरी पहिल्यापासून. तेवढं तरी देवासमोर सरळ असावं. अंगठा आत्ताही करंगळीशी जाऊन थांबला होता.

"नाही," ती म्हणाली.

"मग किती?"

"आठवत नाही रे. जिथं चुकलेलं दिसलं तिथं. हात आपोआप जातो."

"काकू! तीनशे बारा आहेत! मार्क करून ठेवलंत कुठं?"

"शाळेत करायचे. लाल शाईनं."

निमिष प्रोफेसर बाईंना फोन लावत बाहेर गेला. दाराच्या काचेतून त्याची मान हलताना दिसत होती. हीटरची घरघर चालू होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं; संकष्टी होती. पण थकवा उपासाचा नव्हता.

तो परत आला तो बसला नाही. "तुमचे सगळे ट्रे या खंडातून काढतोय. परत चेक करावं लागेल. आणि काकू... या खंडात ज्यांचं काम नाही, त्यांचं नाव..."

"काढ," ती म्हणाली.

"तुम्ही बोललाच नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"मग ते तसंच छापलं गेलं असतं."

त्यानं यादी उघडली. तिच्या नावाच्या वर कुणी एक कुमार होता, खाली दोन अमेरिकन नावं. त्यानं बटण दाबलं, खालची दोन नावं एकेक ओळ वर सरकली. मध्ये काही होतं, असं आता कुणाला वाटलं नसतं.

"सॉरी, काकू. घरी जा तुम्ही. आज उपास आहे ना?"

"पाचपर्यंत आहे मी. अजून दीड तास आहे."

तो गेल्यावर तिनं ट्रे पुढं ओढला आणि ती गोल वडी फोमच्या खाचेतून दोन्ही हातांनी उचलली. दिव्याखाली धरल्यावर काठावर नखाची चंद्रकोर दिसली. ओली वडी धरताना रुतलेली. सातव्या ओळीशी आल्यावर खुणा बारीक, दाटीवाटीच्या झाल्या होत्या. माती सुकत आली असेल. किंवा लिहिणाराच दमला असेल.

तिनं वडी परत खाचेत ठेवली. सातव्या ओळीतले एक आणि तीन पुसले. बोट जरा रेंगाळलं. मग तिनं चार लिहिला, आणि चष्मा सारखा करून आठवी ओळ वाचायला घेतली.