बिल्ला नसेल तर थांबायचं

मी दुसरीच्या वर्गातला शूचा बिल्ला बोलतोय. हसा, हसा! तुम्हाला हसायला काय जातंय? काळजी मला करावी लागते.

तळहाताएवढा लाकडाचा तुकडा मी. बाईंच्या सुतार वडिलांनी मला एका मोडक्या स्टुलातून कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि भोक पाडून लाल दोरी ओवली. बाईंनी मला दाराजवळच्या खिळ्यावर अडकवलं.

हा सगळा खटाटोप एका मुलीपायी. तिला वर्गात सगळे गोगलगाय म्हणतात. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की ती बाकाखाली वाकून दप्तरच चाचपत बसते. ‘बाई, शूला जाऊ?’ एवढं विचारायला नको म्हणून ती मधल्या सुट्टीपर्यंत पाय आवळून बसायची. एकदा व्हायचं तेच झालं. मुलं फिदीफिदी हसली आणि पोरगी कितीतरी दिवस शाळेत आली नाही. तेव्हा बाईंनी युक्ती काढली.

‘‘आता कुणी विचारायचं नाही. बिल्ला उचलायचा, जाऊन यायचं, परत लावायचा. बिल्ला नसेल तर थांबायचं. एका वेळी एकच!’’

गोगलगाय खूश झाली. मला मात्र तेव्हापासून घोर लागला. पोरांचा काय भरवसा? कुणी मला खिशात कोंबतं, कुणी माझी दोरी चघळतं. मी वेळेवर खिळ्यावर पोचलो नाही तर तिचं काय होणार, या विचाराने माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

आणि नेमकं पालक यायच्या दिवशीच घात झाला. प्रत्येक मुलाने पुढे येऊन कविता म्हणायची होती. गोगलगायीचे बाबा ड्रायव्हर आहेत. ते पहिल्यांदाच शाळेत आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कार्यक्रमाआधी टकळी नावाची बडबडी पोर मला घेऊन गेली. हात धुताना तिने मला बेसिनशेजारच्या खिडकीत ठेवलं, आरशात बघून रिबन सारखी केली आणि पळाली.

अगं ए टकळे! मला विसरलीस की! पण लाकडाचं कोण ऐकतंय?

वर्ग भिंतीपलीकडेच. मला सगळं ऐकू येत होतं. एकेक कविता होत होती, टाळ्या वाजत होत्या. इकडे मला दरदरून घाम फुटायचा बाकी होता. घाबरली की गोगलगाय घटाघटा पाणी पिते. आज तर तिने अख्खी बाटली संपवली असणार. ती खिळ्याकडे बघत असेल, आणि मी इथे!

तिचा नंबर आला. दोन ओळी झाल्या आणि आवाज बंद. मागून बाबा हळूच पुढची ओळ सांगू लागले. कुणीतरी खुदकन हसलं. संपलं सगळं, मला वाटलं. आता ही पोर पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही.

‘‘बाई!’’

एवढा मोठा आवाज तिचा?

‘‘बाई, मला शूला जायचंय! बिल्ला नाहीये आणि मला थांबवत नाहीये!’’

‘‘अगं, मग पळ ना!’’

वाऱ्यासारखी गेली ती माझ्यासमोरून.

हात धुताना तिला मी दिसलो. ओल्या बोटांनी तिने मला उचललं, आणि माझ्या मनात नवीनच भीती शिरली. हिने मला परत खिळ्यावर नेलं, तर उद्यापासून ही पुन्हा मुकीच राहील. नको गं बाळा, ठेव मला इथेच. तिने क्षणभर विचार केला. मग मला खिडकीत ठेवून फ्रॉकला हात पुसत ती पळाली.

‘‘बाई, मी पहिल्यापासून म्हणते हं,’’ ती म्हणाली, आणि अख्खी कविता म्हणाली. सगळ्यात जास्त टाळ्या तिच्या बाबांनी वाजवल्या असणार.

नंतर बाईंना मी खिडकीत सापडलो, पण त्यांनी मला पुन्हा खिळ्यावर लावलं नाही. आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात पडून असतो. मुलं तोंडाने विचारतात आणि जातात. मी बेकार झालो, पण जिवाची धाकधूक थांबली. तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद असेल तर असू दे बापडा. तो जागेवर नसला, तर मात्र त्याची वाट बघत बसू नका. सरळ हाक मारा. बाई काही खात नाहीत.