आदिमानवाचं पथ्य

आमचे हे आदिमानव झाले ते एका सोमवारी सकाळी, चहा न घेता. त्याआधी चोवीस वर्षं ते शहराच्या बसचे ड्रायव्हर होते, आणि चोवीस वर्षांत कधी बिनचहाचे घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी तीन उकडलेली अंडी, मूठभर बदाम आणि एक सफरचंद खाऊन उठले. म्हणाले, आपल्या पूर्वजांना शेती येत नव्हती तोवर त्यांना शुगरही नव्हती. मी म्हटलं, पूर्वज चाळिशीसुद्धा बघत नव्हते, शुगर होणार कधी? त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि डबा मागितला.

आता यात हौसेचा भाग काडीचाही नव्हता. नाक दाबल्यावर तोंड उघडतं, त्यातली गत. डेपोच्या डॉक्टरांनी तपासणीत ह्यांच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी काढली, ती साडेनऊ निघाली. आठच्या वर असलेल्या माणसाच्या हाती बस द्यायची नाही, असा डेपोचा नियम. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात आकडा आठच्या आत आला तर ठीक, नाहीतर स्टिअरिंग सोडून ऑफिसात कागद चाळत बसायचं. दुसऱ्या कुणाला ती चंगळ वाटली असती. पण आमच्या लग्नात फोटो काढताना ज्यांचं अर्धं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनाकडे होतं, त्या माणसाला खुर्चीत बसवणं म्हणजे जिवंतपणी गाडणंच.

हे खाणं ह्यांच्या डोक्यात भरवलं डेपोतल्या मेकॅनिकने. त्याने यावरच सोळा किलो उतरवले होते आणि भेटेल त्याला धरून तो ऐकवायचा. माणूस लाखो वर्षं शिकार करून, फळं तोडून आणि कंद खणून जगला, धान्य काल-परवाचं, तेव्हा जे रानात मिळत नाही ते ताटात नाही. त्याच संध्याकाळी आमच्या कपाटातून तांदूळ गेले, पीठ गेलं, ब्रेड, बिस्किटं, साखर, सगळं गेलं. डाळींचे डबे निघाले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. डाळीने तुमचं काय घोडं मारलंय, म्हणून विचारलं. आदिमानवाकडे कुकर नव्हता, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, त्याच्याकडे डबा भरून देणारी बायकोही नव्हती, मग तीही कपाटाबाहेर काढा.

पण चिडूनही मी सगळं केलं. सकाळी साडेपाचला उठून मासे भाजले, कोंबडी उकडली, रताळं मोजून एकच ठेवलं. बाजूला लपवून ठेवलेल्या तांदळातून स्वतःपुरता वाटीभर भात करून मी स्वयंपाकघरात उभ्यानेच खायचे, म्हणजे ह्यांच्या नाकाला वास नको. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, दुसऱ्यात पँट सैल झाली. पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं, असं मी बजावत होते, पण खरं सांगायचं तर माझ्या देखत माणूस हलका होत होता आणि मला बरं वाटत होतं.

मी स्वतः औषधांच्या दुकानात आहे. सव्वीस वर्षं एकाच काउंटरमागे उभी आहे आणि भिंतीवर फार्मासिस्टचा दाखला टांगलाय तो माझा आहे. आमच्या नात्यागोत्यात कुणाला शिंक आली तरी आधी मला फोन येतो. शुगरची गोळी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय पाकीट सोडत नाही. खाणं वेळेवर होतंय ना, खाणं कमी केलंय का, अचानक घाम सुटतो का. लोक वैतागतात. वैतागू देत.

ह्यांची औषधं मीच भरायची. सात खणांची प्लॅस्टिकची डबी, रविवारी दुपारी भरून ठेवायची. सकाळी हे खण उघडत, आत काय आहे न बघता तळहातावर घेत आणि पाण्याबरोबर सोडत. रक्तदाबाची एक, शुगरच्या दोन. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी विचारलं होतं, खाणं एवढं बदललंय तर गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारून येऊ का?

"मी आहे ना घरात," मी म्हटलं.

तेवढ्यावर विषय संपला. माझ्यावर ह्यांचा विश्वास तसाच होता. बस चालवताना मागच्या चाळीस माणसांचा ह्यांच्यावर असतो तसा.

सकाळी उपाशीपोटी बोटाला टोचून हे आकडा बघत आणि मी कॅलेंडरवर लिहीत असे. एकशे सत्तर, एकशे बेचाळीस, एकशे सोळा, अठ्ठ्याण्णव. सातव्या आठवड्यात ब्याऐंशी आला तेव्हा ह्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात एक गिरकी मारली. हाच आकडा शुगरच्या दोन गोळ्या घेणाऱ्या कुणा गिऱ्हाइकाने सांगितला असता तर मी त्याला दुपारच्या आत डॉक्टरकडे पिटाळलं असतं. घरात मी हसले आणि कॅलेंडरवर त्याभोवती गोल काढला.

त्याच सुमाराला ह्यांची चिडचिड वाढली. चप्पल जागेवर नाही म्हणून चिडायचे, टीव्हीचा आवाज मोठा म्हणून चिडायचे. दुपारच्या पाळीवरून आले की शर्ट पाठीला चिकटलेला. मी लेकीला फोनवर सांगायचे, तुझ्या बाबांना शिकार मिळाली नाही की गुहेत आदळआपट करतात. ती हसायची, मीही हसायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांसाठी कितीदा वापरली असेल.

तपासणीला नऊ दिवस राहिले असताना, सकाळी सव्वाअकराला दुकानात फोन आला. ह्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरबाई बोलत होत्या. गाडी दोन थांबे सोडून पुढे गेली. लोकांनी घंटा वाजवली, पत्रा बडवला, तरी थांबेना. बाई पुढे गेल्या तर हे समोर बघतायत आणि घामाने निथळतायत. थांबा गेला म्हटल्यावर म्हणाले, अजून आला नाही. वेग नव्हता हे नशीब. वळणावर पुढचं चाक फुटपाथला घासलं आणि गाडी बंद पडली. कुणाला खरचटलंही नाही. बाईंनी आपल्या थर्मासमधला गोड चहा ह्यांच्या तोंडाला लावला. दहा मिनिटांनी ह्यांनी विचारलं, आपण इथे का थांबलोय? तपासणी तोंडावर आलीय हे बाईंना माहीत होतं, म्हणून त्यांनी डेपोत ड्रायव्हरचं पोट बिघडल्याचं कळवलं होतं. आता बरे आहेत, घाबरू नका ताई, असं त्या बराच वेळ बोलत राहिल्या.

घाम म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. त्या गोळ्या साखर खाली ढकलतात. भात आणि ब्रेड खाणाऱ्या माणसासाठी त्या लिहून दिल्या होत्या. ह्यांनी भात सोडला, ब्रेड सोडला, साखर आपोआप उतरली, आणि मी दर रविवारी त्याच दोन गोळ्या मोजून भरत राहिले. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात असते तशी ही चूक. मी शेल्फांच्या मागे जाऊन खोक्यावर बसले.

त्या संध्याकाळी मी डबीतून शुगरच्या गोळ्या काढल्या. रिकामा खण दिसला तर हे विचारतील, म्हणून त्याच आकाराच्या, तशाच पांढऱ्या, जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरल्या. हे काम माझ्या इतकं सफाईने कुणालाच जमलं नसतं. दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी काहीतरी खायचं, असं ह्यांना बजावलं. दोन दिवस रजा काढून हे पुन्हा गाडीवर गेले. आकडे छान होते, ना वर ना खाली.

मग सांगून का टाकलं नाही? मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ज्या घरात माझा शब्द औषधाच्या बाबतीत शेवटचा, तिथे मी हे कुठल्या तोंडाने बोलणार होते?

आणि ह्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेऊनही टाकली होती. त्या दिवशी सकाळी तीनऐवजी एकच अंडं खाल्लं होतं, तपासणीआधी आणखी एक किलो उतरावा म्हणून. ते एक अंडं ह्यांनी धरून ठेवलं. रोज जेवायला बसलं की तेच. मी हावरट, मागे चाळीस माणसं बसली होती आणि मी किलो मोजत होतो. एकदा म्हणाले, मला गाडी देऊ नये हेच बरोबर. मी समोर बसून माशाचे काटे काढून देत होते. मनाला लावून घेऊ नका, एवढं म्हणायचे, आणि ते म्हणताना माझी मलाच किळस यायची.

रक्ताचा रिपोर्ट तपासणीच्या आदल्या दिवशी आला. सहा पॉइंट सात. हे कागद हातात धरून पलंगाच्या कडेवर बसले आणि पोरासारखे रडले. मीही रडले, माझी कारणं वेगळी होती.

डेपोच्या डॉक्टरांना रिपोर्टसोबत आणखी एक कागद लागतो. तीन महिन्यांत कोणती औषधं दिली त्याची यादी, औषधाच्या दुकानाच्या शिक्क्यासह. शेवटच्या ओळीत विचारलेलं असतं, औषधाने काही त्रास झाला का. शेकडो ड्रायव्हरांच्या यादीवर मी तिथे नाही असं लिहिलंय. ह्यांच्याही यादीवर लिहिलं, शिक्का मारला आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. मनाशी म्हटलं, गोळी बंद, धोका बंद, झालं गेलं गंगेला मिळालं.

रात्री जेवताना हे म्हणाले, उद्या डॉक्टरांना मी त्या दिवसाचं सांगणार आहे. मी चमकून विचारलं, कशाला? रिपोर्ट चांगला आलाय, कुणाला कळलेलं नाही, कंडक्टरबाई बोलणार नाहीत. मी पुष्कळ समजावलं, आवाजसुद्धा चढवला. हे शांतपणे खात होते.

"चूक माझी होती," म्हणाले. "ती मी लपवली तर उद्या मागे बसणाऱ्यांना काय तोंड दाखवू?"

सकाळी मी तासभर आधी दुकानात गेले. पहिली यादी फाडली आणि दुसरी लिहिली. शेवटच्या ओळीत जागा कमी पडली म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं. मग शिक्का मारून पाकीट पुन्हा पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसलो. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. म्हणाले, डेपोत एवढी तब्येत सुधारलेला दुसरा माणूस नाही. तेव्हा ह्यांनी हात वर करून थांबवलं आणि सगळं सांगितलं. दोन थांबे, फुटपाथ, चहा, एक अंडं. वजनाच्या नादात कमी खाल्लं, चूक माझी, असं दोनदा म्हणाले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग माझं पाकीट उघडलं. पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. तेवढं मी ठरवून आले होते.

डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं. खाणं बदलल्यावर शुगरच्या गोळ्या कमी करायला हव्या होत्या, त्या केल्या नाहीत, त्यामुळे गाडीवर असताना साखर उतरली. चूक रुग्णाची नाही, औषध देणाऱ्याची. मग गोळ्या बंद केल्याची तारीख वाचली, आणि त्याजागी काय दिलं तेही.

पुढचं बोलणं नियमाचं होतं. चूक कुणाचीही असो, स्टिअरिंगवर भान हरपलं की सहा महिने गाडी नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. डॉक्टरांना मनापासून वाईट वाटत होतं. ह्यांनी सही केली, आभार मानले आणि दार उघडून आधी मला बाहेर जाऊ दिलं.

जिन्यावर मधल्या टप्प्यावर हे थांबले. मी म्हटलं, चुकले मी, माझ्यामुळे तुमची गाडी गेली. हे कठड्याला हात लावून उभे होते. मनातल्या मनात ते तारखा मोजत होते.

"गाडीचं जाऊ दे," म्हणाले. "गोळीचंही जाऊ दे, चुकतो माणूस. नऊ दिवस मी तुझ्यासमोर बसून स्वतःला शिव्या देत होतो. तू ऐकत होतीस?"

"हो," मी म्हटलं.

ते उरलेल्या पायऱ्या उतरू लागले. थांब्यावर आम्ही थोडं अंतर ठेवून उभे राहिलो. बस आली. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने ह्यांना हात केला, ह्यांनीही केला. आत गर्दी नव्हती. दारापाशीच दोघांची सीट रिकामी होती. मी खिडकीशी सरकून जागा केली. हे ती सीट ओलांडून पुढे गेले आणि एकट्याच्या सीटवर, रस्त्याकडे तोंड करून बसले.